तोंडातील मस, विषाणू आणि चुन्याची डबी

गेले काही आठवडे कोल्हापुरात मोबाइलवरून फिरणारा एक संदेश आमच्या पेठेतील गटात तीनदा येऊन गेला. त्याचे म्हणणे असे: तोंडातला प्रत्येक मस एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूमुळे होतो, हाच विषाणू कर्करोग करतो, म्हणून मस ही कर्करोगाची पहिली पायरी होय, तो उष्ट्या ताटातून पसरतो आणि रोज चुना लावला की गळून पडतो.

यातील सर्वांत घातक भाग अर्धसत्याचा आहे. एचपीव्ही हे एका विषाणूचे नसून क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या दोनशेहून अधिक प्रकारांच्या कुळाचे नाव आहे. टाळूवर, जिभेवर किंवा ओठावर देठासह उगवलेला, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसणारा आणि न दुखणारा मस बहुधा ६ व ११ या प्रकारांशी निगडित असतो. हातावरच्या चामखिळीचे २ व ४ हे प्रकार बोट चोखणाऱ्या मुलांच्या ओठांवर उतरू शकतात, तर १३ व ३२ यांच्यामुळे ओठ-गालांवर येणारे अनेक मऊ, चपटे उंचवटे पुष्कळदा आपोआप विरतात. कर्करोगाशी नाव पक्के जोडले गेले आहे ते मुख्यतः १६ व्या प्रकाराचे, आणि त्याचा भर टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी असतो. त्याची प्रथिने पेशीच्या वाढीवरचा लगाम तोडतात. ६ व ११ ची प्रथिने त्या कामी दुबळी ठरतात. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारी असतात, त्यांबद्दल मात्र संदेशात चकार शब्द नाही.

उष्ट्या ताटाचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. ६ व ११ मुळे येणारा मस फारसा संसर्गजन्य मानला जात नाही.

राहिला चुना. आमच्या शेजारच्या काकांनी तंबाखूसोबतच्या डबीतला चुना गालाच्या आतल्या गाठीला चार दिवस लावला. गाठ जागच्या जागी राहिली आणि तिच्याभोवती भाजल्याचा पांढरा चट्टा उठला, जो भरून येईपर्यंत दंतवैद्यांना गाठ काढून तपासणीला पाठवता आली नाही. एरवी ती मुळासकट काढून प्रयोगशाळेत पाठवणे हीच सरळ वाट असते, कारण नुसत्या नजरेने खात्री होत नाही. अहवालात निघाली साधी तंतुमय गाठ: दाढेच्या धारदार कडेने गाल पुन्हापुन्हा चावला गेल्याची खूण, जिच्याशी कोणत्याही विषाणूचा संबंध नव्हता. ती कड घासून गुळगुळीत करण्यात पाच मिनिटेही गेली नाहीत.