माकडे हाकलून माकडताप जात नाही

काजूचा हंगाम तोंडावर आला की सिंधुदुर्ग-गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्ग, बांदा, सत्तरी या पट्ट्यात मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. माकडताप माकडांमुळे येतो, तेव्हा कळप हाकला नाहीतर संपवा. आजाऱ्याजवळ जाऊ नका, रानात राबणाऱ्या गड्यांना वस्तीत घेऊ नका. लस टोचली की निर्धास्त. गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचे तेल फुकट मिळते तरी लोक लावत नाहीत, रानात जातातच, मग भोगा. आणि शेवटी, आधीच्या सगळ्याशी विसंगत अशी एक ओळ: घाबरू नका, साधा ताप आहे, सुई मारली की दोन दिवसांत माणूस उभा.

पहिला मुद्दा माकडांचा. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, सुरुवातीला पीतज्वराचा (यलो फीव्हर) संशय होता. निघाला वेगळाच विषाणू, आणि तो वाहणारी निघाली गोचीड: हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. माकडाचे नाव चिकटले, कारण सगळ्यांच्या नजरेस पडेल असे तेच मरते. विषाणू रानात टिकतो तो गोचिडींत आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांत. गोचीड वानराला किंवा लाल तोंडाच्या माकडाला चावते, ते आजारी पडून मरते, आणि अंग थंड पडले की अंगावरच्या गोचिडी उतरून खालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, पसरतात. आजारी माकड तुम्ही मारले तरी नेमके हेच होणार. फक्त ते तुमच्या बागेत होणार. कळप हाकलला तर अंगावरच्या गोचिडी त्याच्याबरोबर शेजारच्या वाडीत गेल्या.

प्राणी संपवून रोग संपवण्याचा प्रयोग दुसरीकडे झाला आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ साली खाणकामगारांना वटवाघळांत राहणाऱ्या मारबर्ग विषाणूची लागण झाली. त्यानंतर तिथली वटवाघळे मारून काढण्यात आली. काही वर्षांनी खाणीत वटवाघळे परतली ती संख्येने कमी होती, पण त्यांच्यातले लागण झालेल्यांचे प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघाले. २०१२ साली त्याच टापूत माणसांत पुन्हा साथ आली.

मेलेले माकड ही फुकट मिळालेली सूचना आहे. ते दिसले की हात लावायचा नाही, ओढून दरीत टाकायचे नाही, स्वतः जाळायचे तर मुळीच नाही. जागा लक्षात ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचे. त्यांची माणसे संरक्षक कपडे घालून मृतदेहाची विल्हेवाट लावतात आणि भोवती सुमारे ५० फुटांच्या घेरात मॅलाथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. गडबड होते ती कळवण्यात. माकड सापडते गड्याला, तो सांगतो मुकादमाला, आणि ऐन हंगामात बाग बंद राहील या भीतीने मुकादम गप्प बसतो.

दुसरा मुद्दा लवकर संपतो. माकडताप माणसाकडून माणसाला लागत नाही. विषाणूच्या प्रवासात माणूस हे शेवटचे ठिकाण. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने किंवा बोंडू, म्हणजे काजूचे फळ, खाल्ल्याने तो होत नाही. गड्यांना वस्तीबाहेर ठेवले तर ते बागेतल्या खोपीत, पातेऱ्यावरच झोपतील, म्हणजे धोका वाढला.

‘रानात जाऊच नका.’ हा सल्ला देणाऱ्याने पंचांग काढून बसावे. या गोचिडीची अळी पावसाळा सरता सरता निघते. तिची पुढची अवस्था, निम्फ, तिळापेक्षाही लहान असते आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. तिचा जोर साधारण डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. म्हणजे वर्षाची रोख मजुरी ज्या महिन्यांत हाती येते, नेमके तेच महिने. २०१५ मध्ये सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला साथ आली, तेव्हा आजाऱ्यांत काजूच्या बागेत राबणारे मोठ्या संख्येने होते, ते यामुळेच. हुर्राक-फेणी या काजूच्या दारूसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून गळलेला वेचतात. वेचणारी बाई सकाळपासून कमरेत वाकून पातेरा चाळत असते. बोंडू पिळून वेगळा केलेला, बी वेगळी, पाठीमागे पोर, दुपारी तिथेच पाने सारखी करून जेवण. गोचिडीला याहून सोयीचे काय हवे!

शिवाय रान फक्त रानात नसते. गोठ्यात अंथरायला, भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला), आंब्याच्या बुंध्याशी घालायला पातेऱ्याचे भारे डोक्यावरून घरी येतात. कर्नाटकातल्या एका अभ्यासात घराच्या आवारातले वाळक्या पानांचे ढीग हे आजाराशी जोडलेले आढळले. चरायला गेलेली गुरेही गोचिडी घेऊन परततात. गुरांना हा आजार होताना दिसत नाही, पण प्रौढ गोचिडी पोसल्या जातात त्यांच्याच रक्तावर.

तेव्हा काम थांबवायचे नसते, बदलायचे असते. बांगलादेशात निपाह खजुराच्या कच्च्या रसातून पसरतो, कारण रात्री वटवाघळे मडक्याशी येतात. तिथे कच्चा रस पिऊ नका म्हणण्याबरोबरच, झाडाच्या कापलेल्या भागाभोवती आणि मडक्याभोवती बांबूचे आवरण बांधण्याचा उपाय पुढे आला. काजूत त्याच्या जोडीचे काय करता येईल ते सांगतो. वेचणी सुरू होण्याआधी झाडाखालची जागा लांब दांड्याच्या दाताळ्याने साफ करावी, हाताने नाही. मोकळ्या, तापलेल्या जमिनीवर गोचीड फार टिकत नाही आणि बोंडूही पटकन दिसतो. पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेण्याऐवजी ढीग बागेतच, वाटेपासून लांब. जेवायला कातळावर किंवा प्लास्टिकच्या ताडपत्रीवर बसावे. साडीखाली पायजमा, त्याची टोके मोज्यात खोचलेली, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट, फिका रंग, म्हणजे काळा ठिपका चढताना दिसतो. संध्याकाळी घरात शिरण्याआधी कपडे थेट गरम पाण्यात, साबणाने आंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे, केसांच्या कडेला एकमेकांनी तपासायचे. गोचीड चिकटलेली मिळाली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, काडीचा चटका काही नको, बोटांत चिरडू तर नकाच. तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ताप यायचा असेल तर साधारण ३ ते ८ दिवसांत येतो.

आता तेल. आरोग्य खाते वाटते ते डेपा, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतून आलेले. ते गोचीड मारत नाही, अंगावर चढू देत नाही. लोक लावत नाहीत हे अर्धे खरे आहे. बाटली एक, घरात राबणारे चार. सकाळी सहाला लावलेले घामाने दहापर्यंत उतरते आणि बाटली असते घरी. वेचणी किलोवर असेल तर मधे हात धुऊन पुन्हा तेल लावण्याची १५ मिनिटे मजुराच्या खिशातून जातात. तेलकट हाताने बोंडू हाताळला तर रसाला वास येईल, म्हणून कुठे कुठे मालकच नको म्हणतो. यात आळस कुठे आला? बाटली बागेत ठेवा, दुपारच्या जेवणानंतर दुसरा हात लावायची वेळ मजुरीत धरा, तळहात सोडून पाय, घोटे, कंबर, मान आणि बाह्यांच्या कडांना लावा. मग वापर वाढतो की नाही ते पाहा.

लसीवर विसंबू नका, कारण हाताशी लसच नाही. निष्क्रिय विषाणूची जुनी लस कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेली. दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे एका पाहणीत दिसले होते. टोचताना दुखायचे फार, म्हणून बूस्टरला माणसे परतत नसत. पुढे तिची ताकद पुरेशी नसल्याचे आढळले आणि २०२२ मध्ये ती थांबली. नव्या लसीचे काम चालू आहे.

‘साधा ताप’ ही ओळ मात्र जीव घेऊ शकते. दगावण्याचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. अचानक थंडी वाजून भरपूर ताप, कपाळ फुटेल असे दुखणे, पिंढऱ्या-कंबर ठणकणे, उलट्या, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. १० ते २० टक्के रुग्णांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप उलटतो, आणि या वेळी मान ताठरणे, थरथर, भ्रम अशी मेंदूची लक्षणे असतात. बरा झालो म्हणून माणूस बागेत गेलेला असतो तो नेमका याच दिवसांत. दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची सुई किंवा ॲस्पिरिन टाळायला हवे, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, पोटात भरपूर पाणी, गरज पडल्यास सलाईन. विषाणूवर नेमके औषध नाही.

निदान चुकते ते उशिरामुळे. पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो तो पहिल्या काही दिवसांत. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, बघावी लागतात. रोजंदारीचा माणूस दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी खासगी दवाखाना, तिथे डेंगू-मलेरियाची तपासणी नकारात्मक, प्लेटलेट्स कमी, ‘व्हायरल आहे’. भर उन्हाळ्यात हे चित्र दिसले आणि माणूस बागेतला असला, तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा: काजूत कामाला जातो, गोचीड चावली होती, अमुक तारखेला.

राहता राहिले ते ‘मग भोगा’. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडलेल्या संसर्गजन्य रोगांना जागा दिलेली होती. अडते ते पुराव्यावर. हंगामी गड्याची ना नेमणूक कागदावर, ना हजेरी. दावा करायचा तर आधी तो त्या दिवशी त्या बागेत होता हेच सिद्ध करावे लागते. तीन-चार आठवडे अंगात ताकद नाही, हंगाम संपलेला, आणि मालक म्हणतो हा माझ्याकडे नव्हताच. मुकादमाकडे किलोचा हिशेब ठेवायची वही असतेच. तिच्यात रोजची नावे आणि तारखा लिहून घ्या, आणि आठवड्याला त्या पानाचा फोटो आपल्या मोबाइलवर काढून ठेवा.