कोपराला लावलेला गूळ कसा चाखावा

आपला देश युद्धात सापडला असेल आणि अशा वेळी एखाद्या लष्करी आघाडीत शिरावे असा अविचार आपल्या मनात येत असेल, तर आधी युक्रेनचा कित्ता नीट गिरवावा.

आरंभ घरातली शस्त्रे देऊन टाकण्यापासून करावा. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर होता. तो सोडण्याच्या बदल्यात 1994 मध्ये बुडापेस्ट येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लिहून दिले. सही करणाऱ्यांत पुढे सीमा ओलांडणाराच होता, ही किरकोळ बाब झाली. इंग्रजी मसुद्यात ‘हमी’ऐवजी ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द का घातला आहे, हेही विचारू नये. सहीच्या वेळी असे प्रश्न अशुभ मानतात.

त्यानंतर शेजाऱ्याला राग येऊ नये म्हणून तटस्थ राहावे. कोणत्याही लष्करी गटात जाणार नाही, असा कायदा युक्रेनने 2010 मध्ये केला आणि तो लागू असतानाच 2014 मध्ये त्याचा क्रिमिया हा भाग रशियाने घेतला. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीत जाण्याच्या हट्टापायीच हे संकट ओढवले, असे सांगणारे जाणकार आपल्याला ठायी ठायी भेटतील. त्यांना हे साल सांगून त्यांचा विरस करू नये.

आता मुख्य विधी. एप्रिल 2008 मध्ये नाटोच्या बुखारेस्टच्या बैठकीत युक्रेन आणि जॉर्जिया नाटोचे सदस्य ‘होतील’, असे जाहीर झाले. कधी होतील, ते मात्र लिहायचे राहिले, कारण जर्मनी आणि फ्रान्स यांना पुढचे पाऊल टाकायचे नव्हते. ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले. 2023 मध्ये विल्नियसला ‘सदस्य सहमत होतील आणि अटी पूर्ण होतील तेव्हा’ आमंत्रण देऊ, असे ठरले; 2024 मध्ये वॉशिंग्टनला हा मार्ग आता माघारी न फिरणारा आहे, अशी भर पडली. मार्ग माघारी फिरत नाही हे खरेच, पण तो पुढेही सरकत नाही.

अट सोपी आहे: युद्ध चालू असेपर्यंत प्रवेश नाही. युद्ध चालू ठेवणे ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती दाराची किल्ली देणारी ही योजना ज्याने आखली, त्याच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागेल. पश्चिम जर्मनी 1955 मध्ये नाटोत आली तेव्हा देशाचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत छायेत होता, असला दाखला काढू नये. तिथे तेव्हा तोफा तरी थंड होत्या. आणि आत घेणाऱ्यांची भीती खोटी आहे, असेही समजू नये. अण्वस्त्रधारी देशाशी थेट लढाई अंगावर घ्यायला कोणालाही घाम फुटेल.

शहाण्याने फिनलंडप्रमाणे, रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा असताना पण शेजाऱ्याचे सैन्य दुसरीकडे गुंतले असताना, 2022 मध्ये अर्ज करावा आणि वर्षभरात आत जावे. दोन शतके युद्ध न पाहिलेल्या स्वीडनला मात्र तुर्कस्तान आणि हंगेरी या सदस्यांच्या मर्जीसाठी पावणेदोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

समजा, चुकून प्रवेश मिळालाच. मग नाटोच्या कराराचे कलम 5 चष्मा लावून वाचावे. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असे त्यात आहेच. पण मदत म्हणून प्रत्येकाने ‘आवश्यक वाटेल’ ती कृती करायची आहे. रशियाच्या आक्रमणाच्या महिनाभर आधी, जानेवारी 2022 मध्ये, जर्मनीला युक्रेनसाठी 5,000 हेल्मेटे आवश्यक वाटली होती, तेव्हा आता उशा पाठवणार काय, असे कीव्हच्या महापौरांनी विचारले होते. आपण असा उद्धटपणा करू नये. हेल्मेटे मोजून घ्यावीत, पावती द्यावी आणि युद्ध संपेपर्यंत थांबावे. ते संपल्यावर, आता शांतताच आहे तर घाई कसली, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर आताच लिहून ठेवावे.