निपचित घड्याळाचे ९.८

मनगटी घड्याळातील हालचालींच्या नोंदी वाचणारे ॲप मी स्वतःच लिहिलेले असल्यामुळे कोणावर खापर फोडण्याचीही सोय उरलेली नाही. काल सकाळी इंदुरात रामबागेतून राजवाड्यापर्यंत जाऊन, पोहे खाऊन परत येण्यात अर्धा तास गेला. सेकंदाला ५० या हिशेबाने ९०,००० नोंदी मिळायला हव्या होत्या; मिळाल्या ४१२. हात खाली गेला, पडदा मावळला आणि बॅटरी वाचवण्याच्या सबबीखाली ॲपने आमच्या फाटकाशीच ताणून दिली.

हे निस्तरत असतानाच शेजारचे काका आले. घड्याळ टेबलावर उताणे पडले होते. पडद्यावर, हालचाल टिपणाऱ्या संवेदकाच्या तीन अक्षांपैकी (म्हणजे तीन दिशांपैकी) दोन अक्षांचे आकडे शून्याजवळ रेंगाळत होते आणि तिसरा ९.८ वर ठाण मांडून बसला होता.

"हे निजले आहे ना? मग हे ९.८ कशाचे?"

टेबल त्याला खालून वर रेटते आणि हा संवेदक तो रेटा मोजतो, हे मी समजावून सांगितले. एवढ्यावर थांबलो असतो तर घड्याळ वाचले असते. परंतु विद्वत्तेची खाज वाईट. ते मोकळे खाली पडू लागले तर आकडा शून्याजवळ येईल, हेही मी सांगून टाकले.

"म्हणजे पडून असताना जोर दाखवणार आणि पडताना म्हणणार, मी काही केलेच नाही! अरे भिया, असे एक बडे बाबू आमच्या कचेरीत होते." त्या बाबूंची बदली, बढती आणि अखेरची चौकशी ऐकण्यात चहाचे दोन कप संपले. मग "शून्य दाखव बरे," असे म्हणत काकांनी घड्याळ उचलले आणि मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत खांद्याच्या उंचीवरून सोफ्यावर सोडले. सोफ्यावरून ते उसळून फरशीवर गेले.

काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला आहे. नवी काच बसवण्याचा जो खर्च दुकानदाराने सांगितला, त्यात थोडी भर घातली तर नवे घड्याळच येईल. काकांनी मात्र तड्याकडे पाहिलेही नाही. त्यांना शून्य हवे होते. ते मिळाले, हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे: पडदा जागा असल्यामुळे पडण्याच्या अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरच्या वीसेक नोंदी, एकही न गळता, शून्याच्या आसपास उमटल्या आहेत. महिनाभराच्या खटपटीत माझ्या हाती लागलेली अखंड नोंद ती एवढीच.

आज सकाळी काका फाटकातून विचारत होते, "गच्चीवरून जास्त शून्ये येतील का रे?"