काका, तुम्हाला जमत नाही तर कशाला करता?

हे वाक्य आज सकाळी पुण्यात एका बँकेच्या शाखेत ऐकलं आणि अजून माझं डोकं शांत झालेलं नाही. म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

मी लॉकरच्या कामाला गेले होते. माझ्यापुढे एक काका, सत्तरी ओलांडलेले. एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात कोरा मोबाइल, काचेवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मुलाने घेऊन दिलाय, जुन्यातली दोन्ही सिमकार्डं यात घातलीत, आणि तेव्हापासून यूपीआय सुरूच होत नाही. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता वरचं वाक्य टाकलं. काका "बरं, बरं" म्हणत बाजूला सरकले.

ते "बरं, बरं" मी ओळखते. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं आहे ते.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, बार्शी आगारात. रात्री गाडी लागली की तिकिटांचा ट्रे, वेबिल (विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद) आणि पैशांची बॅग घेऊन हिशोबाला बसायचे. रोकड कमी भरली तर पदरची घालायची, हा शिरस्ता. त्या माणसाचे तीन वर्षांपूर्वी ऐन पेरणीच्या तोंडावर 8,500 रुपये अडकले. कृषी केंद्रातून सोयाबीनचं बियाणं आणि खत घेतलं, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज आला, पण दुकानातला स्पीकर काही बोलला नाही. दुकानदार म्हणाला, "माझ्याकडं आलं नाहीत." मागे ही गर्दी. अण्णा घरी गेले, कपाटातली रोकड काढली आणि पुन्हा 8,500 मोजून देऊन आले.

आम्हाला कुणालाही सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

शाखेत मात्र तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा "येतील आपोआप". दुसऱ्यांदा "सर्व्हर डाउन आहे". तिसऱ्यांदा "तुमचंच नेट गेलं असेल". म्हणजे शेवटी गुन्हेगार कोण? अण्णा!

मला याचीच चीड आहे. अहो, पैसे कटले आणि पोचले नाहीत, यात माणसाचं बोट कुठे चुकलं? तुमची बँक, समोरच्याची बँक आणि मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा, एवढ्यांमधून तो व्यवहार जातो. एकीने खात्यातून वजा केले, पुढच्या कुणाचं तरी उत्तर वेळेत आलं नाही, की रक्कम लटकते. हे इतकं नेहमीचं आहे की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये त्याचा नियमच काढला. माणसाने माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून कटल्या, तरी पाच दिवस. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. एका तरी शाखेत हे मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलेलं पाहिलंय का तुम्ही? एफडीचे व्याजदर लावलेले असतात.

अण्णांना हे कुणी सांगितलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, ही माझी चूक. मला कळलं दहाव्या दिवशी, आईच्या तोंडून, कारण अण्णा जेवत नव्हते. फोन केला तर म्हणाले, "अगं, माझंच काहीतरी चुकलं असंल." चाळीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब चोख दिलेला माणूस! मला रडू आलं.

बरं, आजच्या काकांकडे येते. लॉकर राहू दे म्हटलं आणि त्यांच्याबरोबर बाकावर बसले. यूपीआयचं अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो, आणि तो खात्याला जोडलेल्या नंबरच्या सिममधूनच जावा लागतो. काकांनी अ‍ॅपमध्ये निवडलं होतं दुसरं सिम. आणि बँकेचा नंबर ज्या सिमवर, त्याचा रिचार्ज कधीच संपलेला. मेसेज जाणार कुठून? माझ्या फोनवरून रिचार्ज मारला, सिम बदललं, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून त्यांनी पिन ठेवला. मी तोंड फिरवून बसले होते. सगळं मिळून दहा मिनिटं. नवीन फोनवर पहिले चोवीस तास मोठी रक्कम जात नाही, बहुतेक ठिकाणी 5,000 च्या वर अडतं, ते मुद्दाम सांगून ठेवलं. नाहीतर उद्या पुन्हा घाबरले असते, पुन्हा त्याच काउंटरवर गेले असते.

काउंटरवरचा मुलगाही बिचारा एकटा होता, शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मान्य. पण रागवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात "सिम कुठलं आहे?" एवढं विचारता येतं.

रागवण्याने काय होतं माहितीये? माणूस बँकेत यायचा बंद होतो आणि गूगलवर कस्टमर केअर शोधतो. अण्णांनी तेच केलं. चौथ्या खेपेची लाज वाटली म्हणून वर दिसला तो नंबर फिरवला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, "सर, सर" करत होता! (शाखेत कुणी सर म्हटलं नव्हतं.) आधी म्हणाला एक अ‍ॅप घ्या, मला तुमची स्क्रीन दिसू द्या. मग म्हणाला, रिफंड पाठवतोय, पिन टाका. तिथे अण्णांमधला कंडक्टर जागा झाला. "पैसं मला यायचं तर पिन माझा कशाला?" असं विचारून फोन ठेवला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुटलो. सगळे सुटत नाहीत.

न सुटलेल्यांसाठी एवढंच: लाजत बसू नका, त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाने तुमच्यावर काही भार येत नाही. आपणच ओटीपी दिला असेल तर नियम आपल्या बाजूने नाही, हे कबूल करावं लागतं. पण तिथेही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या डोक्यावर. म्हणजे जेवढी लाज तेवढा तोटा.

परत अण्णा. अकराव्या दिवशी पैसे आपोआप आले. ना माफी, ना दोन ओळी. बँकेसाठी विषय संपला होता, माझ्यासाठी नव्हता. मी बार्शीला गेले आणि अण्णांना म्हटलं, त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर काढायचाय, यूटीआर म्हणतात तो. त्यांनी कपाटातून डायरी काढली. त्यात होता! तारीख, वेळ, रक्कम, दुकान आणि बारा आकडे, वेबिलासारखे रकाने पाडून. तीन खेपांमध्ये त्यांनी ते पान पुढे केलं होतं. कुणी बघितलंच नव्हतं.

त्या पानावरून अर्ज लिहिला. पाच दिवस सोडून वरचे सहा, त्याचे 600 रुपये. दोन प्रती, एकीवर पोच आणि शिक्का. "एवढ्याशा पैशासाठी?" असं विचारलं गेलंच. हो, एवढ्याशासाठीच. खाली लिहून टाकलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊ. फुकट असतं ते, सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या पोर्टलवर करता येतं, नाहीतर तिच्या चंदीगडच्या केंद्राला साधं पत्र पाठवूनही. तिथवर जावं लागलं नाही. तीन आठवड्यांत 600 जमा झाले, आणि अण्णांनी त्याच रकान्यांत त्याची नोंद केली.

यूपीआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. बार्शीच्या बाजारात भाजीवालीसुद्धा क्यूआर ठेवते, मीही रोज वापरते. पण वापरा वापरा म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या मागे तुम्हीच लागलात ना? मग अडल्यावर त्यांना मूर्खात काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि आपण मुलंही काही कमी नाही. "बाबा, कितीदा सांगायचं?" हे माझ्याही तोंडून निघालेलं आहे.

मघाशी अण्णांना फोन करून काकांचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग विचारलं, "पुन्हा अडलं तर काय करायचं, ते लिहून दिलंस का त्यांना?"

दिलंय म्हटलं, पासबुकाच्या मागच्या पानावर.

"मोठ्या अक्षरात ना?"