जळगावच्या पाहुण्यांच्या दोन ताऱ्यांना आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

साक्री तालुक्यातल्या आमच्या वायनरीवर येऊन गेलात, सविस्तर लिहिलंत, आभार. तुमची तक्रार थोडक्यात अशी : आमच्या लाल वाइनमध्ये कॅबर्ने, मर्लो आणि शिराझ या तीन जातींची द्राक्षं मिसळून आम्ही बाजारात न खपलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो, निव्वळ कॅबर्ने मागितली तर मिळाली नाही, आणि शेवभाजीबरोबर ती वाइन घशाला लागली.

मालाचं आधी सांगतो. मंडईत जाणारी थॉमसन किंवा शरद सीडलेस खाण्यासाठी असते : मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. कॅबर्नेचा रससुद्धा पिळला तर फिकाच निघतो. लाल रंग सालीतून उतरतो. थॉमसन तर हिरवी. तिची लाल वाइन करून कोणी दाखवली तर मीच पाच तारे देईन.

आता मिसळण्याचं. कॅबर्नेला टॅनिन भरपूर. कच्चं केळं चावल्यावर तोंड आवळतं ना, तीच तुरट चव. वाइन टिकते ती त्याच्या जोरावर, पण निव्वळ कॅबर्ने बऱ्याचदा जिभेच्या मध्यावर पोकळ लागते. ती जागा मर्लो भरते. ती मऊ, गोलसर. शिराझ गडद रंग देते आणि काळ्या मिरीचा वास. त्यात आपल्याकडचं ऊन! कॅबर्ने उशिरा पिकते, तोवर उन्हाचा कडाका वाढलेला असतो. साखर चढते, आंबटपणा उतरतो. सगळी मदार एकाच जातीवर ठेवली तर एका वाईट हंगामात सगळं बसतं. म्हणून तिन्ही वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतो आणि चाखून चाखून प्रमाण ठरवतो. यात बिघडलेली वाइन लपवता येत नाही, उलट चांगलीही हातची जाते.

फ्रान्सच्या बोर्दोत हेच चालतं : नदीच्या डाव्या काठावर कॅबर्ने जास्त, उजव्या काठावर मर्लो. फ्रान्सच्याच शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या भागात तर तेरा जाती चालतात, त्यात पांढऱ्याही. आणि 'निव्वळ'चं म्हणाल, तर युरोपात लेबलवर एकाच जातीचं नाव लावायला ती ८५ टक्के असली तरी पुरते, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ७५. आमच्या बाटलीवर तिन्ही नावं छापलेली आहेत.

शेवभाजीचं मात्र वाइनवर ढकलू नका. मिरचीच्या तिखटापुढे टॅनिन जास्त तुरट लागतं आणि अल्कोहोल जास्त जाळतं, मग वाइन कुठलीही असो. खान्देशात बिनतिखट जेवण शोधायचं म्हणजे कठीणच, पण वरण-बट्टीवर तूप सढळ हाताने घ्या आणि हीच वाइन पिऊन बघा. शेवभाजीच हवी असेल तर थंडगार, किंचित गोड शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मागा.

पुढच्या वेळी येण्याआधी फोन करा. टाकीतली निव्वळ कॅबर्ने, मर्लो आणि शिराझ तीन ग्लासांत वेगळी देतो, मिसळून तुम्हीच बघा.

– मालक