दिवे लावण्याची पूर्वतयारी

राज्यशास्त्रात पीएचडी करायचं ठरवलंत? उत्तम. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवरून चर्चा चालू असताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असं विचारलंच होतं. राज्यकर्त्याने स्वतः संशोधनाचा प्रश्न आखून द्यावा, हे भाग्य किती विषयांच्या वाट्याला येतं? तेव्हा वाती वळायला घ्या.

पहिलं काम म्हणजे वाचन बंद करा. नेट ही पात्रता परीक्षा द्यायची आहे. दीडशे प्रश्न, तीन तास. ‘लेव्हायथन’वाला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज काय म्हणाला याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. १६५१ साली म्हणाला, एवढं पुरे. जोड्या लावा, कालक्रम लावा, अडलं तर तिसरा पर्याय ठोका. चुकल्याचे गुण कापत नाहीत. (जून २०२४ ची परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. तशी वेळ आली तर खचू नका, ‘राज्यसंस्थेची अधिमान्यता’, म्हणजे लोक सत्ता का मानतात, हा घटक तेवढाच पक्का होतो.)

आता गाइड. भाबडी पोरं गाइडचा विषय बघतात, शोधनिबंध बघतात. तुम्ही जन्मतारीख बघा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नियमाने नवा विद्यार्थी घेता येत नाही. मग जागा मोजा: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. माल थोडा, गिऱ्हाइकं उदंड आणि दराची पाटी कुठेच नाही. राजकीय अर्थशास्त्राचा पहिला धडा इथेच झाला, फी न भरता.

दर कसा ठरतो ते मी एकदा पाहिलं. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर म्हणाले, “ठेव तिकडे.” तिकडे आधीच्या तिघांचे सिनॉप्सिस होते, त्यांवर सरांचा जेवणाचा डबा. डबा उचलावा की आपला कागद डब्यावर ठेवावा, या विचारात उभा होतो, तेवढ्यात प्रश्न आला, “गाडी चालवता येते का रे?” येत होती. त्या दुपारी सरांच्या सासूबाईंना स्टेशनवरून घरी सोडलं. वर्चस्व नुसत्या बळावर नाही, संमतीवर चालतं, हे इटलीतल्या ग्राम्शी या मार्क्सवादी विचारवंताला तुरुंगात बसून लिहावं लागलं. मला ते दुसऱ्या सिग्नललाच कळलं.

विषय मात्र मनातला सांगू नका. कारखाना आजारी पडला तेव्हा चेअरमनची तब्येत कशी सुधारली, असलं काही आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे, काढलंत तर समितीतले कुणीतरी हळूच विचारतील, “आपलं कॉलेज कुणाच्या संस्थेचं आहे, माहितीये ना?” त्यापेक्षा ‘सहकाराची वाटचाल: एक चिकित्सक अभ्यास’ असं लिहा. शीर्षकात ‘चिकित्सक’ घातलं की आत चिकित्सा करावी लागत नाही.

पैशांची काळजी नको. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनंतर ४२,०००. यातला ‘महिना’ हा शब्द जरा लवचीक धरायचा. नाहीच मिळाली तर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, शिकवणं आहे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. पोट मात्र बाराही महिने पूर्णवेळ. वर्गात श्रमाचं शोषण शिकवताना उदाहरण शोधावं लागत नाही, ही त्यातली सोय.

आणि ऋणनिर्देश आत्ताच लिहून ठेवा. फ्लॉरेन्सच्या मॅकियाव्हेलीने सरकारी नोकरी गेल्यावर ‘द प्रिन्स’ हे पुस्तक लिहिलं, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या लोरेंझोला अर्पण केलं, तरी हवी ती पोस्ट काही मिळाली नाही. त्याचं चुकलं एवढंच, की त्याने आधी पुस्तक लिहिलं.

झाली तयारी? मग उद्या साडेदहाला विभागात या. केबिनबाहेर बाक आहे, तिथे बसा. सर मीटिंगला गेलेत. बाकावर आधीच एक जण असेल, त्याला जरा सरकायला सांगा. त्याला सवय आहे, तो २०१९ पासून सरकतोय.