पॉटहोलचा वाक्यात उपयोग

"बाबा, पॉटहोल म्हणजे काय?"

स्कूटरच्या मागच्या सीटवरून हा प्रश्न आला तेव्हा मी उत्तरापासून दोन फूट अलीकडे होतो.

"खड्..." एवढंच तोंडातून निघालं. उरलेला 'डा' पुढचं चाक आत गेल्यावर दातांखाली आला, जिभेसकट. त्यानंतर मी जे बोललो ते कुठल्याही शब्दकोशात सापडायचं नाही.

"हे लिहू का?" लेकीने विचारलं. इंग्रजीच्या गृहपाठात दहा शब्दांचे अर्थ आणि वाक्यात उपयोग लिहायचे होते. नऊ झाले होते.

घरी येऊन जिभेवर बर्फ ठेवला आणि मी दहाव्याच्या मागे लागलो. बघतो तर शब्द मूळचा रस्त्यावरचा नाहीच, नदीतला आहे. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून पात्रातला खडक पोखरत राहतात आणि त्यात गोल, खोल भोकं पडतात, ते भूगोलातले पॉटहोल. शाळेत आपण त्यांना रांजणखळगे म्हणायला शिकलो होतो. काय देखणा शब्द! रस्त्यातल्या भोकाला हे नाव नंतर चिकटलं. दक्षिण आफ्रिकेत ट्रूर आणि ब्लाइड या नद्यांच्या संगमावर असे रांजणखळगे आहेत, लोक मुद्दाम बघायला जातात. ट्रूर म्हणजे शोक, ब्लाइड म्हणजे आनंद. माझ्या वाटेवर यातली एकच नदी वाहते.

नदीला या कामाला हजारो वर्षं लागतात, रस्ता पावसाळ्याभरात उरकतो. आधी डांबराला केसाएवढी चीर जाते. तिच्यातून पाणी मुरतं, खालची भर मऊ पडते. वरून चाक गेलं की ते पाणी माती घेऊन पिचकारीसारखं बाहेर उडतं आणि आत पोकळी होते. थंड देशांत त्याच पाण्याचा बर्फ होऊन सुमारे 9 टक्के फुगतो, तो रस्ता खालून उचकटतो. म्हणजे आपल्याला दिसण्याआधी खड्डा बरेच दिवस खाली तयार असतो. आपण जातो ते उद्घाटनाला.

'पॉटहोल' हा तसा गुळगुळीत शब्द. तोंडातून घरंगळतो, अहवालात शोभतो. 'खड्डा' उच्चारतानाच जीभ आपटते. ड-ला ड जोडलेला, आणि विभक्ती लावली की आणखी खोल जातो: खड्ड्यात, खड्ड्याने, खड्ड्यांमुळे. गोतावळाही मोठा. उथळ असेल तर खळगा, लांबट असेल तर चर. पाण्याने भरला की डबकं, म्हणजे खोली गुप्त ठेवलेला खड्डा. बुजवला की त्याच जागी उंचवटा. हेच गालावर पडलं तर खळी. तिच्यावर मात्र कविता होतात.

अर्थाचं निभावलं. घोडं अडलं ते वाक्यात उपयोगापाशी. हा शब्द वापरायची खरी वेळ येते तेव्हा वाक्य पुरं होतच नाही. बायको मागून "अहो, खड्डा!" म्हणते तोवर खड्डा तिच्याही मागे गेलेला असतो. आई रस्ता सपाट असतानाही दर मिनिटाला "हळू" म्हणते, त्यामुळे नेमका कोणता 'हळू' खरा ते कळत नाही. एक मित्र नुसतं "आई गं" म्हणतो. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं त्यात आलं. आणि मी स्वतः काय बोलतो ते वर येऊन गेलंच आहे.

"रस्त्यात एक पॉटहोल आहे, असं लिही," मी सुचवलं.

"बोअर आहे, बाबा," म्हणून तिने वहीवर हात आडवा धरला आणि स्वतःचं काहीतरी लिहिलं.

काल वही तपासून आली. तिच्या इंग्रजी वाक्याचं मराठी असं: 'माझे बाबा पॉटहोलला पॉटहोल म्हणत नाहीत.' बरोबरची खूण होती. शेजारी लाल शाईत बाईंनी विचारलं होतं, 'मग काय म्हणतात?'

लेक पेन्सिलीला टोक काढून समोर येऊन बसली.

"बाबा, स्पेलिंग सांग."